मोहोर औषधाचा, पराग कुणाचा?

लखनौहून हरदोईच्या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटरवर मलिहाबाद. काकोरी मागे पडली की दोन्ही अंगांना दशहरीच्या बागा सुरू होतात. ज्या गावावरून या आंब्याला नाव मिळालं ते दशहरी काकोरीजवळच आहे आणि तिथलं मूळ झाड आजही उभं आहे. फेब्रुवारी सरता सरता या पट्ट्यात मोहोराचा वास भरून राहतो आणि जो तो एकच विचारतो, यंदा फळ किती धरेल? कोकणातही हेच विचारतात, फक्त तिथे बोलता बोलता एका बाटलीचं, कल्टारचं, नाव येतं. मलिहाबादच्या बागेतला पुढचा संवाद त्या बाटलीपासून सुरू होतो. बोलणारे दोघे : देवगडकडचे हापूसचे बागायतदार काका, आणि लखनौत वनस्पतिशास्त्र शिकवणारी त्यांची पुतणी. तोंडचे शब्द लेखकाचे आहेत. वाद मात्र आंब्याच्या दोन्ही मुलखांतला, खराखुरा आहे.

काका : एकही शेंडा रिकामा नाही गो! आणि तू म्हणतेस, या बागेत कल्टार घातलेलंच नाही?

पुतणी : नाही घातलेलं. शेंड्याने पालवी काढायची की मोहोर, हे इथे पुष्कळसं थंडी ठरवते. डिसेंबर-जानेवारीत रात्री सात-आठ अंशांपर्यंत उतरतात. वाढ थांबते, आणि थंडी ओसरू लागली की शेंडे मोहोर घेऊनच फुटतात. देवगडला समुद्र एवढी थंडी पडू देत नाही. तिथे पालवी किती जून झाली आणि पावसानंतर जमीन कशी सुकली, यावर सगळं येतं.

काका : म्हणूनच आम्ही कल्टार घालतो. तुमच्यासारखी फुकटची थंडी आमच्या नशिबात नाही.

पुतणी : फुकटची असली तरी ती दर वर्षी पुरते असं नाही. दशहरीही वर्षाआडच भरभरून येते. इथल्या रहमानखेड्याला केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था आहे, तिथेही पॅक्लोब्युट्राझोलवर, म्हणजे तुमच्या कल्टारमधल्या औषधावर, काम झालेलं आहे. माझा त्या औषधाशी वाद नाही. माझा वाद ‘मोहोर आला की काम झालं’ या समजुतीशी आहे. फळ धरायला पुढे पराग लागतो.

काका : समजूत नाही, हिशेब आहे. मोहोरच नसेल तर तुझा पराग कुठून यायचा? दापोलीच्या विद्यापीठाने सांगितलेली मात्रा मला तोंडपाठ आहे. झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजायचा, दर मीटरला ३ मिलिलिटर. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, विस्ताराच्या निम्म्या अंतरावर गोल खड्डे करून पाण्यातून ओतायचं. वरून खत कमी पडू द्यायचं नाही. एवढं केलं की हापूस वर्षाआडची खोड सोडतो, मोहोरही लवकर येतो. मार्चमध्ये वाशीच्या बाजारात गेलेल्या पेटीचा भाव मेमध्ये मिळत नाही. कर्जाचा हप्ता त्या भावावर फिटतो.

पुतणी : मात्रा अगदी बरोबर सांगितलीत. आता ते औषध झाडात काय करतं ते बघा. झाडात गिबेरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक असतं. जपानमध्ये भाताची रोपं एका बुरशीमुळे लांबुडकी होऊन लोळायची, त्याचा शोध घेताना १९२६ साली या द्रव्याचा माग लागला. आंब्यात ते पालवीच्या बाजूचं आहे. कल्टार ते तयार होऊ देत नाही. पालवीचा जोर मोडला की मोहोराला वाट मिळते.

काका : आणि उलटा प्रयोगही आम्हीच करतो. जानेवारीत थंडी वाढली की हापूसला पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीचं धरलेलं वाटाण्याएवढं फळ गळतं. हा पुनर्मोहोर थांबवायला जिब्रेलिक आम्ल, म्हणजे तुझं गिबेरेलिनच, फवारायचं, ५० पीपीएम. म्हणजे पावसाळ्यात जे दाबायचं तेच हिवाळ्यात वरून द्यायचं. झाडाचा लगाम हातात असल्यासारखंच झालं की नाही?

पुतणी : लगाम आहे, पण तो मोहोर कधी यावा आणि येऊ नये एवढ्यापुरता. परागाचं काय? त्या बांधावर बघा, ओळखलंत ते झाड?

काका : भांग. आमच्याकडे अशी बांधावर दिसली तर पोलिसपाटील दारात येईल.

पुतणी : इथे ती कुणी न लावता उगवते. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने फुलोरा म्हणजे गांजा धरला आहे. नुसती पानं आणि बी त्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. म्हणून उत्तर प्रदेशात भांगेची परवान्याची दुकानं चालतात. पण मी तिच्याकडे बोट दाखवलं ते परागासाठी. भांगेत नर झाड वेगळं, मादी वेगळी. दिल्ली विद्यापीठात प्रा. एच. वाय. मोहन राम यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर या झाडावर जे प्रयोग केले ते आज जगभर सांगितले जातात. १९७० साली त्यांनी दाखवलं की नर झाडावर इथेफॉन फवारलं तर त्याला मादी फुलं येतात.

काका : इथेफॉन म्हणजे आमचं इथ्रेल?

पुतणी : तेच. ते झाडात इथिलीन वायू सोडतं. मग १९७२ साली उलट बाजू आली : मादी झाडाला गिबेरेलिन दिलं की नर फुलं. आणि १९८२ साली चांदीचे क्षार वापरून, सिल्व्हर नायट्रेट आणि सिल्व्हर थायोसल्फेट, मादी झाडावर आणलेल्या नर फुलांतून पराग बाहेर पडला आणि त्या परागाने बीही धरलं. चांदी इथिलीनचा निरोप झाडापर्यंत पोचू देत नाही, म्हणून मादीपण ढिलं पडतं.

काका : थांब, थांब. तूच माझी बाजू मांडलीस! जिथे पराग जन्मात आला नसता तिथे औषधाने तो आणला. मग आंब्यात औषधाचं काही चालत नाही असं कसं म्हणतेस?

पुतणी : चालत नाही असं म्हणतच नाही. भांगेत तर त्यातून अख्खा बियाण्याचा धंदा उभा राहिला. मादी झाडावर आलेल्या त्या परागात नराचं गुणसूत्र नसतंच, त्यामुळे त्याच्यापासून होणारं बी जवळजवळ सगळं मादी निघतं. उत्तराखंडने २०१८पासून औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली, त्यात नशेच्या घटकाची मर्यादा ०.३ टक्के. अशा पिकात नर-मादीचा हिशेब फार महत्त्वाचा. पण पराग आणवणं आणि पराग कामी येणं, यांत अंतर आहे. चांदी फवारलेलं ते झाड खायच्या किंवा औषधाच्या उपयोगाचं राहत नाही, फक्त बियाण्यापुरतं ठेवतात. आणि त्यातून सुटलेला पराग ओल लागली, उष्णता वाढली की बघता बघता मरतो. कोरड्या थंडीत साठवला तर टिकतो. म्हणजे औषधाने आणलेल्या परागालाही पुढे हवामानाच्याच हाताखाली नांदावं लागतं.

काका : तरी भांग जगभर पसरलीच की!

पुतणी : कारण ती वाऱ्यावर उधळते. एका नर फुलात साडेतीन लाखांच्या आसपास परागकण असतात. मोरोक्कोतल्या शेतांचा पराग भूमध्य समुद्र ओलांडून स्पेनमधल्या मालागाच्या हवेत सापडला, हे १९९७ साली प्रसिद्ध झालं. इतकी उधळपट्टी परवडते म्हणून निम्मा पराग मेला तरी तिचं अडत नाही. आता आंब्याची गरिबी बघा. हा एक तुरा घ्या. यात हजारांनी फुलं आहेत. त्यांतली काही नुसती नर, काही संयुक्त. फळ धरलं तर संयुक्तालाच. आणि प्रत्येक फुलात बहुधा एकच पुंकेसर कामाचा, बाकीचे वांझ. पराग थोडा आणि चिकट, वाऱ्याने जात नाही. तो न्यायचा माश्यांनी. मधमाश्या येतात, पण आंब्याचं पुष्कळसं काम फुलमाश्या आणि घरमाशीच्या जातीतल्या साध्या माश्याच करतात.

काका : आमच्याकडे जुने लोक मोहोराच्या दिवसांत बागेत सुकी मासळी टांगायचे, माश्या याव्यात म्हणून. आम्ही त्यांना हसायचो.

पुतणी : हसण्यासारखं नव्हतं ते. आता थंडीचं बघा. परागकण तयार होताना, म्हणजे कळी अजून बंद असते तेव्हाच, रात्र १० अंशांखाली गेली तर त्याचा मोठा भाग निकामी होतो. वरून फूल देखणंच दिसतं. थंडीत निघालेल्या तुऱ्यात संयुक्त फुलांचं प्रमाणही घटतं, उशिराच्या तुऱ्यात ते वाढतं. म्हणजे मोहोर जितका लवकर ओढून आणाल तितका परागाचा जन्म ऐन थंडीत जाण्याचा धोका. मलिहाबादेत कुणी जुलैत औषध ओतून जानेवारीच्या धुक्यात मोहोर आणला, तर मोहोर दिसेल, पण फळ धरेलच असं कुणी सांगू नये. मोहोर मारताना थंडी तो कल्टारने आणला की कसा, हे बघत नाही. मोहोर कधी फुटला एवढं पुरतं.

काका : तुझं थंडीचं गणित लखनौचं. देवगडला रात्र १० अंशांखाली जाते कधी?

पुतणी : क्वचितच. म्हणून तुमच्याकडे लवकरचा मोहोर इथल्यापेक्षा अधिक खपून जातो, हे मी मान्य करते. पण थंडीची लाट आली की तुमच्याकडेही माश्या कमी फिरतात, नर फुलं वाढतात, आणि वर तो पुनर्मोहोर. तुमची थंडी पराग थेट मारत नसेल, पण त्याची वाट नक्की अडवते.

काका : बरं, इथे तर थंडीनेच आणलेला मोहोर, औषध नाही. मग इथलं फळ का गळतं? काल त्या बागेतले म्हातारे झुमक्याबद्दल कुरकुरत होते.

पुतणी : मलिहाबादचं सगळं परागाचं दुखणं या झुमक्यात दिसतं. तुऱ्याच्या टोकाला गोटीएवढ्या फळांचा घोस लोंबतो. पाहणाऱ्याला वाटतं, काय फळ धरलंय! पण त्यात बीच वाढत नाही. ती फळं तेवढ्यावरच थांबतात आणि महिन्याभरात गळून पडतात. रहमानखेड्याच्या संस्थेने याची कारणं सांगितली आहेत : माश्या कमी, फुलोऱ्यात कीटकनाशकांचा मारा, फेब्रुवारी-मार्चमधली बिघडलेली हवा, आणि मैलोन् मैल एकाच जातीच्या बागा.

काका : एकाच जातीचा काय दोष? आमचा हापूसही मैलोन् मैलच आहे.

पुतणी : दशहरीला स्वतःचा पराग चालत नाही. १९६२ साली भारतीय संशोधकांनीच हे दाखवून दिलं. पराग कुक्षीवर पडतो, रुजतो, नळीही आत जाते, पण पुढे बी तग धरत नाही. लंगडा, चौसा, बॉम्बे ग्रीन यांचंही तसंच. आणि कलम म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या. एका बागेत शंभर दशहरी असल्या तरी परागाच्या दृष्टीने ते एकच झाड. म्हणून संस्थेची शिफारस आहे की नव्या बागेत पाच-सहा टक्के झाडं दुसऱ्या जातीची असावीत. दशहरीला बॉम्बे ग्रीन चांगला.

काका : मग मलिहाबादच्या कलीमुल्ला खानांचं ते झाड तुझ्या कामाचं. एकाच झाडावर तीनशेहून अधिक जाती बांधल्यात म्हणे.

पुतणी : त्यांना त्या कामासाठी २००८ साली पद्मश्री मिळाली. लोक ते नवल म्हणून बघायला जातात. मला त्यात वेगळंच दिसतं : त्या झाडावरच्या दशहरीच्या फांदीला परका पराग हातभर अंतरावर मिळतो. या पट्ट्यातल्या साध्या बागेत तो शोधायला माशीला किती लांब जावं लागेल!

काका : बोलायला ठीक आहे. पण बॉम्बे ग्रीनला दशहरीचा भाव नाही आणि रायवळाला हापूसचा नाही. आमच्याकडे बांधावरचे रायवळ गेले ते याच कारणाने. पाच टक्के झाडं मी कमी भावाची ठेवली, तर त्या पाच टक्क्यांचं नुकसान कोण देणार? तुझं विद्यापीठ?

पुतणी : झुमका होऊन गळणाऱ्या फळाचं नुकसान कोण देतं, काका? ते तुमच्या वहीत लिहिलं जात नाही, कारण ते झाडाखालीच राहतं. बरं, झाड नको असेल तर एकेका झाडावर दुसऱ्या जातीच्या दोन फांद्या बांधा. खुंटी कलम करणारे हात कोकणात कमी आहेत का?

काका : ते जमेल. पण फवारणीचं काय? तुडतुडे आणि फुलकिडे काय असतात ते तू पुस्तकात वाचलंयस, मी मोहोर काळा पडताना बघितलाय. एक फवारणी चुकली की भुरी आणि तुडतुडा मिळून तुरा जाळतात. माश्यांची दया करत बसलो तर माश्याच राहतील, आंबा नाही.

पुतणी : फवारू नका असं म्हणत नाही. कधी, ते सांगते. तुरा बाहेर पडतो तेव्हा, फुलं उमलण्याआधी एक. आणि फळ मोहरीएवढं धरल्यावर पुढची. मधले दिवस, पूर्ण फुलोऱ्याचे, कीटकनाशकाला सुट्टी. भुरी आली तर तिला गंधकासारखं बुरशीनाशक, तेही माश्या नसताना संध्याकाळी. त्या दिवसांत द्यायचंच तर बोरॉन द्या. परागनळी वाढायला ते लागतंच. प्रयोगशाळेत पराग रुजवताना आम्ही साखरेच्या पाण्यात बोरिक आम्ल आणि कॅल्शियम घालतो. ब्रूबेकर आणि क्वॅक यांनी १९६३ साली लिहून ठेवलेली कृती आजही वापरात आहे. गंमत अशी की त्यांना दिसलं, परागकण एकटे पडले तर रुजायला कचरतात, घोळक्याने असले तर सहज रुजतात. कॅल्शियम दिलं की एकटाही रुजतो.

काका : हे मात्र ऐकायला बरं वाटलं. म्हणजे उत्तेजक तुझ्याकडेही आहे, फक्त तुझी बाटली वेगळी.

पुतणी : माझ्या बाटलीने मेलेला पराग जिवंत होत नाही. जिवंत असलेल्याला चालायला बळ मिळतं, इतकंच. आणि तुमच्या बाटलीबद्दल एक विचारते. व्यास मोजून, मात्रेत घालणारे देवगडात किती?

काका : मालक बहुतेक मोजून घालतात. बाग करारावर गेली की ठेकेदार ओततो. त्याला दोन-तीन वर्षं पीक काढायचंय, झाड त्याचं नाही. मग पेरं आखडतात, पानं बारीक होतात, तुरा कोबीसारखा गच्च.

पुतणी : असा गच्च तुरा आत ओल धरून ठेवतो, भुरीला जागा देतो आणि माशीला आत शिरू देत नाही. शिवाय हे औषध जमिनीत महिनोन् महिने राहतं, म्हणजे पुढच्या वर्षीची मात्रा मागच्या उरलेल्या औषधावर पडते. इथेही बहर ठेकेदारांना आधीच विकला जातो. झाड एकाचं आणि घाई दुसऱ्याची असली की औषध कुठलंही असो, मात्रा चुकतेच.

काका : ते खरं. पण त्याचा राग औषधावर काढू नका. शहरातले लोक कल्टारचं नाव निघालं की विष म्हणतात. ज्याच्या घरात आंब्याशिवाय दुसरं उत्पन्न नाही त्याला ‘थंडीची वाट बघ’ हे सांगणं सोपं आहे. झाडाला आम्ही ओढतो, कारण बाजार आम्हाला ओढतो.

पुतणी : मी विष म्हणत नाही. मी म्हणते, औषध मोहोराची तारीख ठरवतं आणि भांगेसारख्या झाडात नर की मादी तेही ठरवतं. पण पराग जिवंत आहे का, परका आहे का, आणि पोचला का, या तीन प्रश्नांना औषधाकडे उत्तर नाही. त्यांची उत्तरं रात्रीचं तापमान, शेजारची जात आणि माशी देतात.

काका : आणि मी म्हणतो, त्या तिन्हींना मोहोर हवा, आणि आमच्या मुलखात तो भरवशाने मात्रेतलं कल्टारच देतं.

वाद इथे मिटला नाही आणि मिटावा असंही नाही, कारण दोघं दोन मुलखांबद्दल बोलत होते. थंडी मोहोर आणते त्या मलिहाबादेत काकांचं औषध दुय्यम आहे. तिथलं खरं दुखणं झुमका, आणि तो औषधाने नव्हे तर जातींच्या मिसळीने आणि माश्यांच्या रक्षणाने हटेल. कोकणात काकांचा मुद्दा अर्धा जिंकतो : मात्रेत दिलेलं कल्टार हे बागायतदाराचं रास्त हत्यार आहे. उरलेला अर्धा पुतणीचा. मोहोर आणायला जेवढा पैसा आणि अक्कल खर्च होते, तेवढी तो मोहोर फळापर्यंत न्यायला होत नाही. बाटली विकणारा कुणीतरी असतो म्हणून बाटलीची माहिती दारात येते. माशी विकणारा कुणी नाही, म्हणून तिची बाजू मांडायला कुणी येत नाही.

बागायतदार वाचकांना एवढंच सांगणं : पुढच्या मोहोराला दहा कलमं वेगळी निवडा. पूर्ण फुलोऱ्याच्या दिवसांत त्यांच्यावर आणि त्यांच्या आजूबाजूच्या ओळींवर कीटकनाशक जाऊ देऊ नका, दुसऱ्या जातीच्या दोन-तीन डहाळ्या फुलांसकट आणून पाण्याच्या भांड्यात त्यांच्या फांद्यांवर टांगा, आणि वाटाण्याएवढं फळ धरलं की उरलेल्या बागेशी मोजून ताडा. कल्टारची पुढची मात्रा ठरवण्याआधी हा आकडा तुमच्या हातात असू द्या.